आमच्या मोटारीची साखळी

मॅट्रिकच्या पलीकडे आमची इंग्रजी विद्या गेली नाही, आणि पुढील सारी उमर मुलांकडून रामशब्द व धातुरूपे घोकवून घेण्यात गेली. अशा मनुष्याने मोटारीच्या इंजिनातील साखळीविषयी लेखणी उचलावी, हा अव्यापारेषु व्यापार पाहून पुष्कळ वाचकांस हसू येईल. येवो बापडे. आमच्या घरात मात्र गेल्या दिवाळीपासून मार्गशीर्षअखेरपर्यंत या एका विषयावाचून दुसरे बोलणे नव्हते. पंगतीत साखळी, ओटीवर साखळी. एके दिवशी तर देवघरात गंधाच्या सहाणेशेजारी साखळीची एक कडी सापडली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी जे उद्गार काढले ते येथे देण्याजोगे नाहीत. परंतु या साखळीचा एक पदर आमच्या स्वतःच्या चुकीत गुंतलेला आहे, आणि ती चूक आम्ही वीस वर्षे अर्धीच ओळखली होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी म्हणजे अँबॅसेडर, मार्क दोन, सन १९७३ची, पेट्रोलवर चालणारी. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीचे हे हिंदी रूप. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती १९५८च्या सुमारास निघू लागली आणि २०१४ साली निघावयाची बंद झाली. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणे, जिंतूरच्या कोर्टात वकिली करीत. त्यांनी १९८१ साली तेव्हाच्या औरंगाबादेहून एका निवृत्त अधिकाऱ्याकडून ती विकत आणली. त्यांच्या स्नेह्यांचा सल्ला फियाट घ्यावी असा होता. वालचंद हिराचंदांसारख्या सोलापूरच्या मनुष्याने उभारलेल्या कंपनीची गाडी मराठी घरात शोभेल, असेही कोणी म्हणाले. पण दादांनी घरातील माणसे मोजली आणि प्रश्न निकालात काढला. अँबॅसेडरमध्ये आमच्या घरातील नऊ माणसे एका वेळी बसलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांत कडेवरची मुले धरलेली नाहीत.

जिंतूरला आगगाडी नाही. परभणीस किंवा सेलूस जावे तेव्हा रुळांचे दर्शन व्हावयाचे. त्यामुळे अडल्या वेळी घरची मोटार म्हणजे केवढा आधार असे, हे आमच्या बाजूच्या लोकांस निराळे सांगावयास नको. गल्लीतील तीन बाळंतिणी या गाडीने वेळेवर परभणीस पोहोचविल्या. मुलींच्या पाठवण्या तिने केल्या, दादांची अशिले तारखेस नेली आणलीच, आणि येलदरीच्या धरणाचे दरवाजे उघडले की सारी पोरेसोरे भरून तो पाण्याचा लोट दाखवावयासही तीच जाई.

आता साखळीकडे वळतो. इंजिनाच्या पुढल्या अंगास, पत्र्याच्या झाकणाआड, दोन दातेरी चाके असतात. मिस्त्री लोक त्यांस गरारी म्हणतात. खालची लहान गरारी क्रँकच्या दांड्यावर, वरची मोठी कॅमच्या दांड्यावर, आणि दोहोंना वेढून टायमिंग चेन, म्हणजे ही आमची साखळी. इंजिनाच्या नळकांड्यात चार क्रिया चालतात: हवा व पेट्रोल आत घेणे, ते दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे. या चारांसाठी क्रँकचे दोन फेरे होतात, आणि तेवढ्या अवधीत आत घेणारी व बाहेर टाकणारी झडप प्रत्येकी एकदाच उघडावयाची असते. म्हणून कॅमने क्रँकच्या निम्म्या गतीने फिरले पाहिजे, आणि म्हणूनच वरच्या गरारीस खालचीच्या दुप्पट दाते. आमच्यासारख्या संस्कृताच्या मनुष्यास हे समजावयास फार वेळ लागला नाही. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर यती यावयाचा असतो. तो तेराव्यावर घेतला तर अक्षरे सगळी तीच राहतात आणि श्लोक मात्र मोडतो. साखळीने एक दात सोडला की इंजिनाचे तेच होते. झडपा आहेत, पेट्रोल आहे, ठिणगीही पडते. पण यतिभंग झालेला असतो.

सन २००३च्या उन्हाळ्यात आमच्या गाडीच्या पोटातून खळखळ असा आवाज येऊ लागला. थंड इंजिन चालू करताना तो फार, मग कमी. दादांच्या हाती तेव्हा एक मोठा दावा होता. त्यांनी हे काम आमच्यावर सोपविले. "मास्तर हिशेबाला चोख आहे," असे ते म्हणाले, आणि त्या शब्दांनी आम्ही फुगलो हे कबूल केले पाहिजे. मिस्त्रीने झाकण उघडून सांगितले की साखळी सैल झाली आहे, ती बदलावी, आणि बदलतोच आहोत तर दोन्ही गराऱ्याही बदलाव्या. गराऱ्या आम्हांस तर धडधाकट दिसल्या. दाते सगळे जागच्या जागी होते, एकही तुटलेला नव्हता. एका जिनसाच्या मिषाने तीन जिनसा खपविण्याची ही मिस्त्री लोकांची हातचलाखी आहे, अशी आमची खात्री झाली, आणि ती आम्ही त्याला बोलूनही दाखविली. तो काही बोलला नाही. मग जिल्ह्याच्या गावी जाऊन एका दुकानात दोन साखळ्या पाहिल्या. एकीच्या प्रत्येक पट्टीवर कारखान्याचा ठसा होता आणि ती तेलकट मेणकागदात गुंडाळलेली होती. दुसरी कोऱ्या डब्यात, ठसा नाही, परंतु चांदीसारखी लखलखीत. आम्ही दुसरी घेतली. घरी येऊन खर्चाच्या वहीत साखळीची किंमत लिहिली, आणि तिच्याखाली, शाळेच्या शिल्लक रकमा मांडताना लिहीत असू तसे, "बचत रुपये ३४०" असे लिहिले. त्या बचतीत न घेतलेल्या गराऱ्यांचे पैसेही धरले होते.

पुढील वर्षीच्या आषाढात एका रात्री वहिनींच्या पोटात दुखू लागले. संध्याकाळपासून त्या सोसत होत्या, कोणास बोलल्या नाहीत. दहाच्या सुमारास तापही चढला. गावातील डॉक्टरांनी पाहून परभणीस ताबडतोब हलविण्यास सांगितले. दादा गाडी चालवीत होते, आम्ही शेजारी, मागे वहिनी आणि आमच्या घरातून एक जण त्यांचे डोके मांडीवर घेऊन. पाऊस पडत होता. बोरी सोडून मैल-दीड मैल गेलो असू, तोच इंजिन शिंकल्यासारखे करून फटफटले, गाडीचे बळ गेले आणि ती रस्त्याच्या कडेला थांबली. आम्ही हँडल मारून मारून हात सोलून घेतले. इंजिन फिरे, पण पेट घेईना. मधूनच कार्ब्युरेटरातून भडका उडे. दोन ट्रक हात दाखवूनही थांबले नाहीत. अखेर दुधाचा एक टेंपो थांबला आणि त्याच्या कॅनांच्या मधल्या जागेत वहिनींना आडवे करून परभणीस नेले. सव्वा तास गेला होता. आंत्रपुच्छ फुटून विष पोटात पसरले होते. बावीस दिवस त्या रुग्णालयात होत्या, आणि त्यांतले पहिले सहा आम्ही कसे काढले ते परमेश्वरास ठाऊक.

तिसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या ओट्यावर दादांनी विचारले, "साखळी कोणती घातली होती?" आम्ही खरे ते सांगितले. त्यांनी मान हलविली. त्यानंतर २०११ साली ते गेले तोवर हा विषय त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नाही. वहिनी तर त्या रात्रीविषयी कधीच बोलत नसत. आम्हीच मनाशी एक निकाल लिहून ठेवला होता की, तीनशे चाळीस रुपयांच्या लोभाने वाईट साखळी घेतली आणि तिने दगा दिला. पुढे दादांनी स्वतः लक्ष घालून मिस्त्रीकडून सगळा संच बदलून घेतला. गाडी सात वर्षे बिनतक्रार चालली, आणि ते गेल्यावर मागल्या पडवीत जी उभी राहिली ती राहिलीच.

गेल्या वर्षी घराच्या त्या बाजूची डागडुजी काढली तेव्हा आमच्या पुतण्याने गाडीचा प्रश्न काढला. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला होता. पुतण्याचे म्हणणे चूक होते असे नाही. मुंबईसारख्या शहरात चाळीस-पन्नास वर्षे रस्ते गाजविलेल्या पद्मिनी टॅक्सीसही ऑक्टोबर २०२३मध्ये कायमचा निरोप मिळाला, मग आमच्या पडवीतील या म्हातारीचे काय घेऊन बसलात? वहिनी तांदूळ निवडीत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "विकायची तर खुशाल विका. पण मला एकदा तिच्यातूनच औंढ्याला नागनाथाला घेऊन चला. मग काय करायचं ते करा." वहिनींचे वय आता अठ्ठ्याहत्तर. त्यांनी काही मागितले असे सहसा होत नाही. पुतण्या गप्प बसला आणि आम्ही उठून मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीचाही मुलगा आता दुकान पाहतो, पण गाडी कोणती ते कळताच म्हातारा स्वतः आला. दिवाळीच्या सुटीस आमच्या पुतण्याचा मुलगा घरी होता. तो अभियांत्रिकीच्या शेवटल्या वर्षास आहे, आणि आपल्या आजोबांच्या गाडीचे पोट उघडले जाणार म्हणून त्याने फटाक्यांकडेही पाहिले नाही. रेडिएटर काढला, पुली ओढली, झाकण उतरविले. तेरा वर्षांच्या दमट हवेने साखळीच्या पुष्कळ कड्या गंजून आखडल्या होत्या, आणि तिला ताण देणाऱ्या टेन्शनरचे रबर दगडासारखे झाले होते. साखळी नवी हवी, यात वाद नव्हता. आम्ही मोठ्या उदारपणाने म्हणालो, "मिस्त्री, यंदा पैशाकडे पाहू नका. मागच्या वेळी साखळीने दगा दिला, तसे पुन्हा नको."

म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिले. मग मुलाला दुकानातून काहीतरी आणावयास पाठविले. मुलाने आणलेली वस्तू म्हणजे एक जुनी लहान गरारी होती. दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला ती वीस वर्षे टांगलेली असे, आणि नव्या पोरांना काम शिकविताना तो ती दाखवी. "गुरुजी, ही तुमचीच," तो म्हणाला. "त्या रात्रीनंतर दादासाहेबांनी बदलायला सांगितली, तेव्हा काढून ठेवली." नातवाने ती हातात घेऊन उजेडात धरली. दाते सगळे जागेवर होते, परंतु सरळ नव्हते. प्रत्येकाची एक बाजू झिजून पोखरली होती आणि टोक आकडीसारखे वळले होते. अशा दातांवर साखळी नीट बसत नाही; वर चढते, आणि ओढ आली की उडी मारते. साखळी बिनठशाची होती, तिचा पोलाद मऊ असेल, हेही खरे. पण मिस्त्रीच्या मते तिच्या जागी ठशाची असती तरी त्या दातांवर ती फार टिकली नसती. जुन्या गरारीवर नवी साखळी घालणे म्हणजे दोहोंचाही नाश, हे त्याने तेव्हाच सांगितले होते. आणि आम्ही त्याला लबाड ठरविले होते.

म्हणजे वीस वर्षे आम्ही ज्या चुकीबद्दल स्वतःस दोष देत होतो, तिच्या पोटात दुसरी, अधिक वाईट चूक होती. वस्तू ओळखता आली नाही याची लाज एका प्रकारची. माणूस ओळखता आला नाही याची निराळी. आम्ही मिस्त्रीची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, माझ्या पोराला तुम्हीच शिकवलंत," आणि कानस शोधू लागला.

यानंतर नातवाने आमची शिकवणी सुरू केली. साखळी 'ताणली' असे सगळे म्हणतात, पण तिच्या पट्ट्या बहुधा ताणत नाहीत. प्रत्येक सांध्यात एक खिळी असते, खिळीभोवती एक पोकळ नळी, आणि साखळी दात्यावर वळते तेव्हा खिळी त्या नळीत घासते. झीज होते ती तेथे. हंस रेनोल्ड नावाच्या मूळच्या स्विस गृहस्थांनी मँचेस्टर येथे १८८० साली जी साखळी काढली, तिचे मर्म या नळीतच होते. खिळीवरचा भार पातळ पट्टीच्या काठावर न पडता नळीच्या सबंध लांबीवर पसरू लागला, आणि साखळ्या पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक टिकू लागल्या. आमच्या साखळीस बावन्न कड्या. एका सांध्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर तीन अष्टमांश इंच, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, सगळी मिळून ४९५ मिलिमीटरांच्या किंचित वर. आता प्रत्येक सांधा एका मिलिमीटरच्या केवळ विसाव्या भागाने झिजला असे धरा. डोळ्यास काय, नखासही ते कळावयाचे नाही. पण बावन्न सांध्यांचे मिळून अडीच मिलिमीटरांहून अधिक होते, आणि तेवढ्यात कॅम मागे पडू लागतो व साखळी झाकणावर खळखळते. गणित आम्ही पाटीवर मांडून ताडून पाहिले. ते बरोबर आहे.

मग साखळ्यांचा शोध सुरू झाला. नातवाने दूरध्वनीवरून तीन ठिकाणांहून तीन मागविल्या. एक जिल्ह्याच्या बाजारातली, बिनठशाची, पुन्हा तशीच लखलखीत. तिला पाहून आम्हांस जुना शत्रू भेटल्यासारखे झाले. दुसरी कलकत्त्याच्या मलिक बाजारातली. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी तो बाजार प्रसिद्ध आहे, आणि अँबॅसेडर तर त्या शहराची घरचीच गाडी. साखळी जुन्या साठ्यातली, न वापरलेली होती. तिच्याबरोबर दोन्ही गराऱ्याही मेणकागदात बांधून आल्या. तिसरी इंग्लंडची, नवी घडविलेली. आमच्या गाडीचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या कुळातले, त्याच कुळाचे इंजिन १९५५ साली निघालेल्या एम.जी.ए. नावाच्या इंग्रजी गाडीत असे. तिकडे त्या गाड्यांचे शौकीन पुष्कळ, म्हणून तिचे भाग अद्याप नवे होतात. तिची किंमत मात्र जकातीसह बाकी दोघींच्या कितीतरी पट पडली.

चेन्नईची डायमंड आणि कोइंबतूरची रोलोन ही नावे सायकल व फटफटीमुळे घरोघरी माहीत आहेत. त्यांच्यासारख्या नामांकित देशी घराची, आमच्या मापाची साखळी का नाही, असे आम्ही स्वदेशीच्या अभिमानाने विचारले. उत्तर साधे होते. गाडी निघावयाची बंद झाली की तिच्या मापाचा माल दुकानांतून हळूहळू दिसेनासा होतो. कारखान्यांच्या यंत्रांसाठी त्याच मापाची दुहेरी साखळी लांबीवर विकत मिळते, तीच कापून जोडावी, अशी एक युक्ती पुतण्याने सुचविली. मिस्त्रीने कानांवर हात ठेवले.

दुहेरी म्हणजे काय, हे सांगावयाचे राहिले. साखळी एकेरी असते, तशी दोन पदरांचीही. दोन पदर असले की खिळीवरचा भार निम्मा होतो आणि झीज हळू होते. आमची दुहेरी. याच कुळाच्या पुढल्या एम.जी. गाड्यांत १९७०च्या दशकात कारखान्याने दुहेरी सोडून एकेरी साखळी घातली, आणि आता त्यांचे मालक मुद्दाम गराऱ्या बदलून दुहेरी घालतात. आमच्या पुतण्याच्या मारुती आठशेत तर साखळीच नव्हती, दात्यांचा रबरी पट्टा होता. तो ठरल्या मुदतीस बदलावा लागे. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत पुन्हा साखळी आली आहे, असे नातू सांगतो.

आता परीक्षा. आमचा विश्वास ठशावर, नातवाचा व्हर्नियरवर, मिस्त्रीचा कानशीवर. मिस्त्रीने बिनठशाच्या साखळीची एक खिळी जुन्या कानशीने घासली. कानस तिच्यात रुतली. खिळी वरून कडक असावी लागते, तिच्यावर कानस घसरावयास हवी. त्या साखळीच्या नळ्याही पत्रा वळवून केलेल्या, सांध्याची रेघ स्पष्ट दिसत होती. इंग्लंडच्या साखळीच्या नळ्या अखंड होत्या. नातवाने दहा-दहा कड्यांची मापे तीन ठिकाणी घेतली. बिनठशाचीत ती एकमेकांशी जुळेनात. बाकी दोघींची जुळली. ठसेही दोघींवर स्वच्छ होते. किमतीचा फरक डोळ्यांपुढे होताच. तेव्हा कलकत्त्याची साखळी घ्यावी असा आमच्या मनाचा कल होऊ लागला होता, हे लपविण्यात अर्थ नाही. सवय हाडांत असते.

वहिनी कांदा-लसूण निवडण्याचे सूप घेऊन तेथेच पायरीवर बसल्या होत्या. "बघू," म्हणून त्यांनी हात पुढे केला. चकाकीकडे किंवा ठशाकडे त्यांनी पाहिलेच नाही. डोळे मिटल्यासारखे करून, जपमाळ ओढावी तशी साखळी त्यांनी एकेक कडी बोटांतून सोडली. इंग्लंडची सरसर गेली. कलकत्त्याची जाता जाता थांबली. "भाऊजी, ही इथं अडकते बघा." पुढे आणखी दोन ठिकाणी अडकली. मिस्त्रीने त्या जागा रॉकेलने धुतल्या, तेल सोडले, वाकवून पाहिल्या. आत गंज धरला होता. मेणकागद वरून शाबूत, पण किती पावसाळे ती कोठे पडून होती कोणास ठाऊक! "गोफ घेताना आम्ही सांधा बघतो," वहिनी म्हणाल्या. "झळाळी सोनार कशालाही देतो." आम्ही तोंडापर्यंत आलेले "तेल मुरले की सुटेल" हे वाक्य गिळून टाकले.

साखळी इंग्लंडची ठरली, गराऱ्या कलकत्त्याच्या. गराऱ्यांचे दाते मिस्त्रीने एकेक तपासले; त्यांस गंजाचा स्पर्श नव्हता. टेन्शनर नवा मिळाला. पैसे आम्ही दिले. पुतण्याने पुष्कळ आढेवेढे घेतले, "काका, हे घरखर्चातून होऊ द्या," म्हणाला. पण या बाबतीत आम्ही कोणाचे ऐकणार नव्हतो. आमच्या निवृत्तिवेतनाचा बराच मोठा घास त्यात गेला. सौभाग्यवतींनी प्रथमच खर्चाविषयी चकार शब्द काढला नाही.

बसविण्याचे काम दीड दिवस चालले. दोन्ही गराऱ्यांवर बारीक खुणा असतात. त्या समोरासमोर आल्या तरच कॅम व क्रँक यांची वेळ जमते. गराऱ्या एका पातळीत आहेत की नाहीत हे मिस्त्रीने पोलादी पट्टी आडवी टेकवून पाहिले आणि खालच्या गरारीमागचा एक पातळ वायसर काढून टाकला. गराऱ्या तिरक्या राहिल्या तर उत्तमातली उत्तम साखळीही कडेने झिजते, हे त्याने आपल्या मुलाला सांगितले; ऐकत मात्र आम्ही होतो. टेन्शनरला तेल पोहोचविणारे भोक काडीने साफ केले. त्यातून काळा चिकट गाळ निघाला. तेलाच्या दाबाने टेन्शनर साखळीला दाबून धरतो, आणि तेच तेल सांध्यांत जाते; ते भोक बंद झाले की बाकी सगळे चांगले असूनही व्यर्थ. मग हँडलने इंजिन सावकाश दोन फेरे फिरविले. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. ते पाहून नातवाने टाळी वाजविली, आणि आम्हीही वाजविली असे तो सांगतो.

कागदपत्रांचे काम पुतण्याने केले. पन्नास वर्षांवरील गाड्यांस 'विंटेज' म्हणून नोंदण्याचा नियम २०२१ साली निघाला आहे. पण तशी नोंद केली की गाडी प्रदर्शनास, मेळाव्यास न्यावयाची, रोजच्या रस्त्यावर नाही. आम्हांस तर नागनाथाला जावयाचे होते. म्हणून साधी नोंदणीच पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी पहाटे गाडी पडवीतून बाहेर काढली. पुतण्या चालवीत होता. आम्ही शेजारी, मागे वहिनी, आमची मंडळी आणि नातू. थंड इंजिनाचा आवाज आम्ही श्वास रोखून ऐकला. खळखळ नव्हती. औंढ्याच्या रस्त्याला लागणार इतक्यात वहिनी म्हणाल्या, "आधी परभणीच्या वाटेने घे. बोरीपर्यंत." पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली.

बोरी ओलांडून थोडे पुढे त्यांनी गाडी थांबवावयास सांगितली. जागा नेमकी तीच होती की नाही, आम्हांस सांगता येणार नाही. रस्ता आता रुंद झाला आहे, आणि त्या रात्री पावसात काही दिसत नव्हते. वहिनी उतरल्या. कडेच्या शेतात तूर उभी होती. पदर सावरून त्या थोडा वेळ तेथे उभ्या राहिल्या, मग रस्त्याकडेच्या टपरीवर आम्ही सर्वांनी चहा घेतला. इंजिन बंद न करता पुतण्या गाडीतच बसला होता, वहिनी त्याला म्हणाल्या, "बंद कर रे, पेट्रोल जळतंय." त्याने बंद केले. पुन्हा चालू केले तेव्हा ते पहिल्या झटक्यास लागले.

"चला भाऊजी," गाडीत बसता बसता वहिनी म्हणाल्या, "आता औंढ्याला उशीर होईल. अभिषेकाच्या आत पोहोचलं पाहिजे."